साठ टक्के की तीस टक्के? उइगुर, कझाक आणि डीएनएमधला पत्ता

आज गप्पा सुरू करण्याआधी दोन आकडे सांगते, तेवढे डोक्यात ठेवा. ६० आणि ३०.

२००८ साली चिनी संशोधकांच्या एका गटाने उइगुर लोकांच्या डीएनएवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उइगुर म्हणजे चीनच्या वायव्य टोकाला, शिनजियांग प्रांतात राहणारे, तुर्की कुळातली भाषा बोलणारे मुस्लिम लोक. अभ्यासात म्हटलं होतं की उइगुरांच्या जनुकांमध्ये साधारण ६० टक्के वारसा युरोपीय आहे आणि ४० टक्के पूर्व आशियाई. पुढच्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांचा निबंध आला. त्यांच्या हिशेबात युरोपीय वाटा निघाला सुमारे ३० टक्के.

म्हणजे वर्षभरात उइगुरांचे अर्धे युरोपीय पूर्वज गायब! गेले कुठे?

कुणी आकडे दडवले नव्हते, की कुणाच्या मशीनमध्ये बिघाड नव्हता. दोन्ही गट जाणकार होते. तरीही एवढा फरक पडला, आणि तो का पडला हे कळलं की घरबसल्या थुंकी पाठवून मिळणारे वंशाचे रिपोर्ट कसे वाचायचे तेही कळतं. आणखीही एक गोष्ट कळते, जरा अस्वस्थ करणारी. तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपल्या लडाखच्या वर, काराकोरम ओलांडलं की तकलामकान वाळवंट लागतं. त्याच्या कडेकडेने पाणी असलेली गावं: खोतान, काश्गर, कुचा, तुर्फान. रेशीम मार्ग इथूनच जायचा. उइगुर इथले शेतकरी, फळबागावाले, व्यापारी. या वाळवंटाच्या उत्तरेला तियानशान पर्वत, आणि त्याच्या पलीकडे गवताळ मैदानं. तिथे कझाक. घोडे, मेंढ्या, तंबू, ऋतूप्रमाणे मुक्काम बदलणं. बहुतेक कझाक कझाकस्तानात आहेत, पण सुमारे १५ लाख शिनजियांगमध्येही आहेत. उइगुर आणि कझाक या भाषा एकमेकींच्या चुलत बहिणी म्हणा. चेहरे पाहाल तर दोन्हीकडे सगळं सापडतं: कुणी इराणी वाटेल, कुणी मंगोल, कुणी आपल्या काश्मीरचा.

आता मार्कर म्हणजे काय? माणसाचा जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. तुमची आणि माझी बहुतेक अक्षरं सारखीच. पण काही ठरावीक जागी कुणाकडे ‘ए’ असतं, कुणाकडे ‘जी’. अशा एका अक्षराच्या फरकाला स्निप म्हणतात. यातले बरेचसे स्निप जगभर साधारण सारख्याच प्रमाणात पसरलेत, त्यांचा इथे फार उपयोग नाही. काहींचं प्रमाण मात्र प्रदेशागणिक बदलतं. ‘ईडीएआर’ नावाच्या जनुकातला एक बदल घ्या. केसांची जाडी आणि पुढच्या दातांचा आतून खोलगट आकार याच्याशी तो जोडलेला आहे. चीनच्या हान लोकांत तो प्रचंड प्रमाणात सापडतो, युरोपात आणि आफ्रिकेत जवळजवळ नाहीच. उइगुरांत मधोमध. कानातला मळ कोरडा की चिकट, हेसुद्धा एका स्निपवर ठरतं, आणि तोही पूर्व आशिया ओळखायला कामी येतो. हसू नका, यावर रीतसर शोधनिबंध आहेत!

पण नीट ऐका. एकही खूण कुठल्या एका लोकांची खासगी मालमत्ता नाही. कोरडा मळ निघाला म्हणून कुणी चिनी होत नाही. एकेक खूण फक्त शक्यता थोडी इकडे किंवा तिकडे ढकलते. शेकडो-हजारो खुणांची बेरीज केली की अंदाज बांधता येतो.

आणि अंदाज बांधायचा तर तुलना कुणाशी तरी करावी लागते. सगळी मेख इथे आहे. संगणकाला ‘युरोपीय’ म्हणजे काय ते मुळात माहीत नसतं. तुम्ही त्याला काही लोकांचे नमुने देता आणि सांगता, हे युरोप समज, हे पूर्व आशिया समज, आता मधल्या माणसाची वाटणी कर. तो आज्ञाधारक. दोनच डबे दिलेत तर तो सगळं त्या दोनच डब्यांत बसवणार.

मला गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आठवतो. वहीत ‘रोख’ आणि ‘ऑनलाइन’ एवढे दोनच रकाने आहेत, आणि कुणी पाच किलो साखर आणून दिली. लिहिणारा ती कुठेतरी चिकटवणारच. वर्षअखेरीला बेरीज जुळते, पण साखर कुणाला दिसत नाही.

उइगुरांच्या बाबतीत ही साखर बरीच होती. शिनजियांगला दक्षिणेकडून भारत-काश्मीरचा शेजार आहे, उत्तरेकडून सायबेरियाचा. त्वचेच्या रंगाशी जोडलेला ‘एसएलसी२४ए५’ जनुकातला एक बदल युरोपात जवळजवळ प्रत्येकात सापडतो, चीनमध्ये क्वचित. युरोप आणि चीन वेगळे करायला एकदम झकास खूण! पण हाच बदल भारतातही भरपूर लोकांत आहे. म्हणजे तुमच्या डब्यांत भारत नसेल, तर दक्षिण आशियातून आलेला वारसासुद्धा मुकाट ‘युरोप’च्या खात्यात जमा होतो. सायबेरियातून आलेला ‘पूर्व आशिया’त.

येलच्या गटाने काय केलं? त्यांनी युरोप आणि चीन यांच्या मधल्या प्रदेशातले आणखी लोक तुलनेत घेतले. आणि एक मूलभूत शंका काढली. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ‘मिश्रण’ हा शब्द अवतरणचिन्हांत टाकला. त्यांचं म्हणणं असं: मधले लोक म्हणजे दोन टोकांची भेसळच, असं का धरायचं? आपण म्हणतो ना, दर बारा कोसांवर भाषा बदलते. कोल्हापूरहून निघून बेळगावमार्गे धारवाडला जा. वाटेतल्या गावाची बोली म्हणजे ‘५५ टक्के पुणेरी आणि ४५ टक्के धारवाडी’ असं म्हटलं तर तिथली माणसं आपल्याला वेड्यात काढतील. ती बोली तिथलीच आहे. जनुकांचंही काही अंशी तसंच असतं, उतार हळूहळू बदलत जातो.

माझं मत विचाराल तर शंका रास्त होती, पण उतारानेच सगळं सुटतं असंही नाही. उइगुरांत मिसळ खरोखर झालेली आहे, त्याचे पुरावे भक्कम आहेत. फक्त ती दोन टोकांची नाही. २०१७ साली शिनजियांगमधल्या १४ ठिकाणच्या ९५१ उइगुरांचा मोठा अभ्यास आला. या वेळी डबे चार झाले: युरोपीय धाटणीचा वारसा २५ ते ३७ टक्के, पूर्व आशियाई २९ ते ४७, सायबेरियन १५ ते १७, आणि दक्षिण आशियाई १२ ते २० टक्के. बघा, साखर सापडली! आणि आकडा एक नाही, पट्टा आहे, कारण गावागणिक फरक पडतो. २००८च्या अभ्यासात खोतानच्याच माणसांमध्ये युरोपीय वाटा कुणात ४० टक्के होता, कुणात ८४. एकाच गावात! ‘उइगुर म्हणजे ६० टक्के’ हे वाक्य तिथेच लंगडं पडतं.

दक्षिण आशियाई वाट्याचं मला फार नवल वाटलं नाही. तिसऱ्या शतकात तकलामकानच्या दक्षिण कडेला निया नावाच्या गावात सरकारी कारभार आपल्या वायव्येकडच्या प्राकृतात आणि खरोष्ठी लिपीत चालायचा. लाकडी पाट्यांवर लिहिलेले जमिनीचे, उंटांचे, भांडणांचे कागद तिथे वाळूत सापडलेत. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेणारा कुमारजीव कुचाचा, आणि त्याचे वडील भारतातून तिथे गेलेले. कागदपत्रं एवढी बोलतात, तर रक्तात काहीच उतरलं नसतं तर नवल.

बरं, मिसळ झाली हे कळलं. पण कधी झाली? त्यासाठीची युक्ती मला फार आवडते. गोधडी आठवा. समजा दोन लुगडी आहेत, एक लाल, एक हिरवं. पहिल्या पिढीत दोन्ही अखंड. प्रत्येक पिढीत कुणीतरी ती कापतं आणि तुकडे अदलाबदल करून पुन्हा शिवतं. दहा पिढ्यांनी तुकडे हाताएवढे, शंभर पिढ्यांनी बोटाएवढे. आता कुणी नुसती गोधडी हातात दिली तर तुकड्यांच्या लांबीवरून सांगता येईल की शिवणकाम किती पिढ्या चाललंय. गुणसूत्रांचं असंच होतं. आईबापांची गुणसूत्रं प्रत्येक पिढीत तुटून जुळतात आणि पूर्वजांकडून आलेले सलग पट्टे लहान होत जातात.

या पद्धतीने २००८च्या गटाने हिशेब काढला: १२६ पिढ्या. एक पिढी २० वर्षांची धरली तर २५२० वर्षं. पण पिढी २० वर्षांचीच का? २८ वर्षांची धरा, ३५२८ वर्षं होतात. नुसत्या एका गृहीतकाने हजार वर्षं सरकली! शिवाय हिशेब मिसळ एकदाच झाली असं मानून केलेला. २०१७च्या अभ्यासाने दोन लाटा मांडल्या, एक सुमारे ३७५० वर्षांपूर्वीची आणि दुसरी सुमारे ७५० वर्षांपूर्वीची. आजच्या माणसांच्या तुकड्यांवरून भूतकाळ ओळखायचा तर असे डोंगराएवढे ‘जर’ मधे येतात. म्हणून जुनी हाडं लागतात.

आणि तकलामकानने ती जपून ठेवलीत. कोरड्या वाळूत चार हजार वर्षांपूर्वीची माणसं केसांसकट टिकलीत. १९८० मध्ये सापडलेली ‘लोलानची सुंदरी’ तुम्ही इंटरनेटवर पाहिली असेल. उंच नाक, फिकट केस, विणलेले लोकरी कपडे, जवळ गहू. सगळ्यांनी ठरवून टाकलं, हे लोक पश्चिमेकडून आलेले. या मृतदेहांवरून राजकारणही झालं, इथले मूळचे कोण आणि बाहेरचे कोण यावरून. मग २०२१ साली अशा १३ जणांचे जीनोम वाचले गेले, इसवी सनापूर्वी २१०० ते १७०० या काळातले. निकाल कुणालाच अपेक्षित नव्हता. ते पश्चिमेच्या गवताळ प्रदेशातून आलेले पशुपालक नव्हते. हिमयुगापासून त्या भागात असलेल्या जुन्या लोकांचे ते वारस होते आणि जनुकांच्या दृष्टीने बराच काळ एकटे राहिलेले. पण त्यांच्या दातांच्या किटणात दुधाची प्रथिनं सापडली! म्हणजे दूधदुभतं शेजाऱ्यांकडून शिकले, सोयरीक मात्र केली नाही. माणूस न येताही त्याची गाय येऊ शकते.

२०२२ मध्ये शिनजियांगमधल्या ३९ ठिकाणांचे २०१ प्राचीन जीनोम आले, तेव्हा दिसलं की नंतर मात्र पश्चिम, मध्य आशिया आणि पूर्व अशा सगळ्या दिशांनी माणसं येत राहिली. सुंदरीला थेट आजच्या कुणाची आजी म्हणता येत नाही.

आता कझाकांकडे वळू. त्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांच्याकडे डीएनए चाचणीच्या आधीपासून स्वतःचा डेटाबेस आहे. ‘जेती अता’, म्हणजे सात बाप. प्रत्येक कझाक मुलाला वडिलांकडच्या सात पिढ्यांची नावं पाठ असावीत अशी रीत, आणि सात पिढ्यांच्या आत लग्न करायचं नाही. आपल्याकडे सपिंडाच्या जुन्या नियमात बापाकडच्या सात पिढ्या टाळायचे, तसंच काहीसं. आपण हल्ली सात पिढ्या काढतो त्या फक्त भांडणात! कझाकांकडे पूर्ण टोळीची वंशावळही असते, तिला शेझिरे म्हणतात.

बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र या वंशावळीच्याच वाटेने चालतं. त्यामुळे शेझिरे तपासता येते. अरगिन नावाच्या मोठ्या कझाक टोळीतल्या पुरुषांत जी१ हा एरवी दुर्मिळ वाय-गट मोठ्या प्रमाणात सापडतो. एकाच बापाचे वंशज असल्याचं ते सांगतात, त्याला यातून चांगलाच दुजोरा मिळतो.

आणि इथेच तुमच्या फीडमध्ये फिरणारं ते प्रसिद्ध वाक्य येतं: ‘जगातला दर २०० पुरुषांपैकी एक चंगीझखानाचा वंशज’. हे आलं २००३च्या एका अभ्यासातून. आशियातल्या २१२३ पुरुषांची तपासणी झाली, आणि कॅस्पियन समुद्रापासून पॅसिफिकपर्यंतच्या पट्ट्यात सुमारे ८ टक्के पुरुषांत एकमेकांशी फार जवळची वाय गुणसूत्रं सापडली. संशोधकांनी अंदाज केला की हा चंगीझखानाच्या घराण्याचा ठसा असावा. अंदाजच, कारण खानाची कबर आजवर सापडलेली नाही. मग २०१२ मध्ये दिसलं की हा गट केरेई या कझाक टोळीत दर चार पुरुषांत सुमारे तिघांकडे आहे. आणि केरेई काही स्वतःला खानाचे वंशज म्हणवत नाहीत! २०१८ मध्ये हीच गुणसूत्रं अक्षरन्‌अक्षर वाचून दुसऱ्या गटाने सांगितलं की ही शाखा सुमारे २६०० वर्षांपूर्वीची, म्हणजे खानाच्या कितीतरी आधीची, सामान्य मंगोल लोकांमधली. पण ‘सामान्य मंगोलांचे वंशज’ याचं रील कोण बघणार?

वायचं आणखी एक. सात पिढ्या मागे गेलात तर तुमचे पूर्वज १२८. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच पुरुषाची गोष्ट सांगतं. उरलेले १२७ गप्प.

आता ती अस्वस्थ करणारी गोष्ट. वंश ओळखायला लाखो खुणा कशाला, मोजक्या आणि हुशारीने निवडलेल्या पुरतात. २०१४ मध्ये येलच्याच एका गटाने ५५ खुणांचा संच मांडला. २०१६ मध्ये पूर्व आशियासाठी ७४ खुणांचा आला, त्यात चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाचे संशोधक होते. सार्वजनिक सुरक्षा म्हणजे पोलीस. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या रक्ताच्या थेंबावरून माणूस कुठल्या समाजाचा ते ओळखायचं, हा उपयोग. कागदावर वाचताना त्यात काहीच खटकत नाही.

पण शिनजियांगमध्ये त्याच काळात काय चाललं होतं? ‘सर्वांसाठी आरोग्य तपासणी’ नावाची मोफत मोहीम. डिसेंबर २०१७ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने कळवलं की १२ ते ६५ वयाच्या रहिवाशांचे डीएनए नमुने, बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचे फोटो आणि रक्तगट अधिकारी गोळा करतायत, आणि डीएनएसाठी या आरोग्य तपासणीचा वापर होतोय. याच प्रांतात लाखो उइगुर, कझाक आणि इतर मुस्लिमांना छावण्यांत डांबलं गेलं. तिथे दारात आलेल्या माणसाला ‘रक्त देत नाही’ म्हणायची मुभा कुणाला असणार?

आणि मघाचे डबे आठवा. उइगुर कोण ते ओळखायला नुसते उइगुर पुरत नाहीत, तुलनेला जगभरचे लोक लागतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने बातमी दिली की असे दुसऱ्या देशांतल्या लोकांचे नमुने चिनी मंत्रालयाच्या संशोधकांना येलमधल्या एका नामांकित शास्त्रज्ञाने दिले होते. नमुने संमतीनेच घेतले जातात असं आपण धरून चाललो होतो, असं त्या शास्त्रज्ञाचं म्हणणं. डीएनए वाचणारी मशीन विकणाऱ्या थर्मो फिशर या अमेरिकन कंपनीने त्याच सुमारास शिनजियांगमधली विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. उइगुरांच्या डीएनएवरचे काही शोधनिबंध पुढे मागे घेतले गेले, संमतीच्या प्रश्नावरूनच.

ज्यांनी कधीतरी, दुसऱ्याच कुठल्या देशात, संशोधनासाठी हात पुढे केला, त्यांना आपलं रक्त कुणाची ओळख पटवायला वापरलं जाईल हे कुणी विचारलं होतं?

काही श्रोते म्हणतील, मी काही लपवत नाही, मला काय फरक पडतो? फरक असा पडतो की डीएनए एकट्याचा नसतो. २०१८ मध्ये अमेरिकेत दशकांपूर्वीच्या खुनांचा आरोपी पकडला गेला, तो त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी हौसेने एका वंशावळीच्या वेबसाइटवर टाकलेल्या डीएनएवरून. खुनी सापडला, उत्तमच झालं. पण हेच गणित शिनजियांगला लावा. सीमेपलीकडे अल्माटीत राहणाऱ्या कझाक माणसाचे चुलते इकडे इलीच्या खोऱ्यात आहेत. चुलत्याने रक्त दिलं की पुतण्याबद्दलही पुष्कळ कळलं. पुतण्याला कुणी विचारलंच नाही. शेझिरेमधली नावं आजोबा कुणाला सांगायची आणि कुणाला नाही हे ठरवू शकत होते. रक्ताच्या नळीला तेवढं कळत नाही.

आपल्याकडेही २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्यांचे जैविक नमुने घ्यायची वाट मोकळी केलीय, आणि या नोंदी ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे. डीएनएसाठीचं स्वतंत्र विधेयक मात्र २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं. यावर एक वेगळा भाग करायचा आहे.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या रिपोर्टात ‘सेंट्रल एशियन ४ टक्के’ आलं असेल, तर आजोबांच्या घोड्याचं नाव शोधायला लागू नका. आधी कंपनीच्या साइटवर जाऊन बघा, तुलनेच्या यादीत भारतातले किती लोक आहेत आणि कुठले. आणि त्याच पानावर खाली, बारीक अक्षरांत, तुमचा नमुना कुणाकुणाला देता येईल ते लिहिलेलं असतं, तेही वाचा. मला पाठवलेत तर आपण मिळून वाचू. चला, भेटू पुढच्या भागात.